बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करताना: किल्ली सगळ्यात शेवटी

वर्ष-दीड वर्ष एका जागी उभी असलेली गाडी बाहेर काढायची म्हटलं की पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून सेल्फ मारण्याचा. तो आवरा. ऑइल केव्हाच तळाला उतरलेलं असतं, सिलिंडर कोरडे पडलेले असतात, टाकीत शिळं पेट्रोल असतं. अशात इंजिन लागलंच, तर झीजही तिथूनच सुरू होते.

आधी टॉर्च घेऊन बोनेट उघडा. एअर फिल्टरचा डबा खोलाच, कारण उंदरांना ती जागा फार आवडते. चिंध्या, गवत, लेंड्या निघाल्या तर हातमोजे घालून साफ करा आणि वायरिंग हाताने चाचपत जा. कुरतडलेली वायर वरून धड दिसते, खालून तांबं उघडं असतं. बेल्ट आणि रबरी पाइप दाबून बघा. तडे गेले असतील तर बदला.

मग बॅटरी. मीटर लावल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण चार्ज आहे. 12 च्या खाली असेल तर काढून चार्जरवर सावकाश चार्ज करा. चार्ज होऊनही रात्रभरात पुन्हा उतरली, तर नवी घ्या.

आता पेट्रोल. काही महिन्यांतच त्याचा ज्वलनशील अंश उडायला लागतो. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल शोषतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. वास व्हार्निशसारखा येत असेल तर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, फिल्टरही बदला. शिळ्यात ताजं मिसळून भागवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. वर्षभर पडून राहिलेल्या पेट्रोलसाठी मला तो पटत नाही. डिझेल गाडीत फिल्टरखालचं पाणी काढून टाका.

ऑइल आणि ऑइल फिल्टर सुरू करण्याआधीच बदला. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. कुलंटची पातळी बघा. ब्रेक ऑइलही ओल शोषतं, त्यामुळे दोन वर्षं उलटली असतील तर तेही बदलायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं काम यानंतरचं, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि काही तास तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीच्या (इंजिनच्या टोकाला खालच्या बाजूला असणारी, बेल्ट फिरवणारी चकती) बोल्टला पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावू नका. सहज फिरलं, तर फ्युएल पंप आणि इग्निशनचा फ्यूज काढून, प्लग बाहेरच ठेवून थोडा सेल्फ मारा. ऑइल वरपर्यंत चढतं आणि जास्तीचं भोकांतून बाहेर उडतं, म्हणून वर फडकं टाका.

प्लग आणि फ्यूज परत बसवा. गाडी मोकळ्या हवेत हवी. बंद गॅरेजमधला धूर जीव घेऊ शकतो. किल्ली दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करा, म्हणजे पंप पेट्रोल पुढे ढकलेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. सुरुवातीचा निळसर धूर म्हणजे आपणच ओतलेलं ऑइल. पण ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा.

हलवण्याआधी टायरमध्ये हवा भरा आणि बाजूच्या भिंतीला चिरा आहेत का पाहा. टायरवरच्या तारखेच्या चौकोनात 2319 असेल तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेकचे शू चाकातल्या ड्रमला चिकटलेले असू शकतात. हळूच पुढे-मागे करून सोडवा, ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका. डिस्कवरचा गंज चार-सहा ब्रेक मारल्यावर निघतो, पण पेडल खोल जात असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

पहिली फेरी जवळचीच. परत आल्यावर खाली वाकून बघा: काळपट थेंब ऑइलचे, हिरवे किंवा गुलाबी बहुधा कुलंटचे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी चालवत नव्हे, टो करूनच गॅरेजला न्या.