हीटरच्या पंख्याचा स्विच: आधी का जळला ते शोधा, मग दुरुस्त करा

जुन्या गाडीत हीटरचा पंखा चालेनासा झाला की पहिला संशय डॅशबोर्डवरच्या स्विचवर येतो. संशय पुष्कळदा खराही ठरतो. पण नवा स्विच आणून बसवला आणि काही महिन्यांत तोही करपला, असंही तितक्याच वेळा घडतं, कारण पहिल्या स्विचला जाळणारी गोष्ट गाडीत तशीच राहिलेली असते. घासून जड झालेली मोटर किंवा सैल झालेला कपलर (वायरी स्विचला जोडणारा प्लग), यांतलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. म्हणून स्विच उघडण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या.

इथे दिलेली माहिती १२ व्होल्टच्या गाड्यांमधल्या तीन-चार स्पीडच्या, फिरवायच्या किंवा सरकवायच्या साध्या स्विचची आहे. तापमान आपोआप सांभाळणाऱ्या एसीमध्ये पंख्याचा वेग ट्रान्झिस्टर ठरवतो, त्याला हे लागू नाही. फारच जुनी गाडी असेल तर बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे तेही बघून घ्या. काही गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतं.

लक्षणांवरून दोष ओळखणं

सर्किट सोपं आहे. फ्यूजमधून करंट मोटरला जातो. कमी स्पीडसाठी वाटेत रेझिस्टरच्या, म्हणजे करंट कमी करणाऱ्या, कॉइल येतात, आणि कोणत्या कॉइलपासून वाट धरायची ते स्विच ठरवतो. फुल स्पीडला रेझिस्टर पूर्ण बाजूला राहतो. हा रेझिस्टर हवेच्या मार्गातच, मोटरजवळ बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि पंख्याच्याच हवेने थंड होतो.

पंखा फक्त फुल स्पीडला चालत असेल तर स्विचला हातही लावू नका. रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज (फार तापल्यावर उडणारा) उडाला आहे, किंवा फुल स्पीडला लागून असलेली कॉइल तुटली आहे. याच्या उलट, खालचे सगळे स्पीड चालतात आणि फुल चालत नाही, तर स्विचचा शेवटचा संपर्क, त्याची वायर किंवा फुल स्पीडचा वेगळा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असल्यास तो रिले बघा. सर्वांत जास्त करंट याच संपर्कातून जात असल्याने सहसा तोच आधी जळतो.

मधलाच एखादा स्पीड गेला असेल तर थोडा विचार करावा लागतो. बहुतेक रेझिस्टरमध्ये कॉइल एकापुढे एक जोडलेल्या असतात. एकवर चालताना करंट सगळ्या कॉइलमधून जातो, दोनवर त्यातली एक वगळली जाते, तीनवर आणखी एक. त्यामुळे एक आणि तीन चालतात पण दोन चालत नाही, तर कॉइल तुटलेली असूच शकत नाही. तसं असतं तर एक नंबरसुद्धा बंद पडला असता. दोष स्विचच्या त्या संपर्कात किंवा त्या वायरमध्ये आहे. फक्त एक नंबर गेला असेल तर मात्र दोन्ही शक्यता उरतात. अशा वेळी रेझिस्टर काढून ओहममध्ये मोजा. प्रत्येक कॉइलचं रीडिंग लहान, फार तर काही ओहम, येतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती कॉइल तुटली.

नॉब हलवला की पंखा चालू-बंद होतो: स्विचची स्प्रिंग ढिली किंवा संपर्क काळे. मोटरवर थाप मारली की चालू होतो: मोटरचे कार्बन ब्रश संपले, स्विच ठीक. नॉब नुसताच फिरतो: नॉबच्या आतलं प्लॅस्टिक चिरलं असेल, नॉब काढून दांडा पकडीने हळूच फिरवून बघा. काहीच चालत नाही: फ्यूज, मोटर, अर्थ (बॉडीची जोडणी) आणि स्विचचं कॉमन टर्मिनल (सगळ्या स्पीडना सामाईक असलेलं), याच क्रमाने तपासा.

चालत्या पंख्यावर मोजणं

इथे सगळ्यांत जास्त फसगत होते. स्विच सुटा करून ओहम मोजले तर करपलेला स्विचही बऱ्यापैकी रीडिंग देतो. पंखा बंद असताना व्होल्टेज मोजलं तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मीटर अगदी नगण्य करंट घेतं, त्यामुळे खराब संपर्क लपून राहतो. खरी स्थिती लोड असताना, म्हणजे पंखा चालू असतानाच कळते.

इंजिन चालू करा, पंखा फुल स्पीडला ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक स्विचच्या कॉमन टर्मिनलला आणि दुसरं फुल स्पीडच्या टर्मिनलला, कपलरच्या मागच्या बाजूने घुसवून टेकवा. ०.२ व्होल्टच्या आत रीडिंग असेल तर स्विच उत्तम. ०.५ च्या वर असेल तर आत संपर्क जळलेले आहेत. मग तसंच कपलरच्या वायरपासून स्विचच्या पिनपर्यंत मोजा. पुष्कळदा स्विच निर्दोष निघतो आणि सैल टर्मिनल सापडतं. शेवटी अर्थच्या वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा.

अर्धा-एक व्होल्ट क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून बघा. फुल स्पीडला १५ अँपिअर जात असतील आणि संपर्कात ०.१ ओहम अडथळा असेल, तर १.५ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि २२.५ वॅट उष्णता तयार होते. जवळपास २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न त्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत सतत तापत ठेवल्यासारखं आहे. कपलर वितळतो तो यामुळेच. आणि फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

मोटर जास्त करंट ओढते का हेही आत्ताच बघा. साध्या मल्टिमीटरची करंट रेंज बहुधा १० अँपिअरचीच असते, त्यात हा पंखा मोजू नका. डीसी मोजणारं क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवायचं) असेल तर उत्तम. नसेल तर मोटर काढून पंखा बोटाने फिरवा. हात सोडल्यावर तो थोडा वेळ तरी मोकळा फिरला पाहिजे. जड फिरत असेल, कुरकुरत असेल किंवा पात्यांत पालापाचोळा अडकला असेल, तर आधी ते काम उरका. अशा मोटरवर कितीही चांगला स्विच टिकणार नाही.

स्विच काढणं आणि उघडणं

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. गाडीत एअरबॅग असेल तर डॅशबोर्डला हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबा. नॉब बहुधा दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. त्याच्या मागून कापडाची पट्टी ओवून सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर पॅनेलवर चरा पडतो. न निघाल्यास बाजूला बारीक स्क्रू आहे का ते आधी शोधा. जुनं प्लॅस्टिक थंडीत काचेसारखं तडकतं, म्हणून हेअर ड्रायरने पॅनेल थोडं कोमट करून घेतलेलं बरं. पॅनेलमागे गरम-थंड हवेच्या केबल असतात. त्यांच्या क्लिपची जागा मार्करने खुणावून ठेवा, नाहीतर नंतर हीटर पूर्ण बंद होणार नाही. कपलरची खटकी दाबून मगच ओढा, वायर धरून ओढू नका.

स्विचच्या कडेच्या खाचा वाकवून किंवा रिव्हेट तोडून तो उघडतो. रिव्हेट असतील तर डोकं ३ मिमी ड्रिलने उडवा. जोडताना तिथे बारीक नट-बोल्ट बसतील. उघडण्याचं काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा. आत स्प्रिंगवर बसलेला एक छर्रा असतो. नॉब फिरवताना जो खटका लागतो तो त्याचाच, आणि झाकण उघडताच तो उडतो. तो हरवला तर स्विच दोन स्पीडच्या मध्येच अडकून राहतो आणि संपर्क पुन्हा जळतात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

पितळी पट्ट्यांवर हिरवट थर आणि काजळी दिसेल. काँटॅक्ट क्लीनर मारून कापडाने पुसा, मग ८०० किंवा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक येईपर्यंतच घासा. टोकांवर चांदीचे ठिपके असतील तर हात आणखी हलका ठेवा. तो थर पातळ असतो आणि एकदा गेला की खालचं पितळ लवकर जळतं. स्टील वूल वापरू नका, त्याचे तंतू आत राहून शॉर्ट होतो. खड्डे खोल असतील, ठिपका उडालेला असेल किंवा टर्मिनल धरून ठेवणारं प्लॅस्टिक मऊ होऊन टर्मिनल डुलत असेल, तर दुरुस्ती सोडा आणि नवा स्विच घ्या.

उष्णतेने संपर्काच्या पट्टीतला ताणही जातो. घासूनही रीडिंग सुधारत नाही त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पट्टी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर वाकवा, म्हणजे दाब परत येतो. जास्त वाकवली तर ती तुटते किंवा नॉब फिरेनासा होतो. छर्ऱ्याच्या खाचेत ग्रीसचा थेंब पुरे. सिलिकॉन ग्रीस मात्र स्विचच्या आत नको: ठिणगी पडते तिथे त्याचा करंट अडवणारा थर तयार होतो.

जोडल्यावर प्रत्येक स्थितीत कॉमनपासून कोणतं टर्मिनल जोडलं जातं ते मीटरने तपासा. बंद स्थितीत एकही जोडलेलं नको. वरच्या स्पीडला खालचे संपर्कही जोडलेले दिसले तर घाबरू नका, काही स्विचची रचनाच तशी असते.

कपलर, आणि हवा असल्यास रिले

वितळलेल्या कपलरमध्ये चांगला स्विच खोचणं म्हणजे दुरुस्ती वाया घालवणं. टर्मिनल काळं पडलं असेल तर ते कापून टाका. वायरही आतून काळी झालेली असते, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे सोला. नवीन ६.३ मिमीची टर्मिनल योग्य क्रिंपिंग पकडीने दाबा, वर हीट श्रिंक नळी चढवा. वायर वाढवायची असेल तर २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक नको. २० अँपिअरच्या आसपासच्या मोटरला ४ चौरस मिमी घ्या. न जळलेली टर्मिनल सैल वाटली तर ती बारीक पकडीने किंचित आवळा.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका आणि रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज वायरने जोडून टाकू नका. रेझिस्टर हवेच्या मार्गात असतो आणि तिथे साचलेला पाला पेट घेऊ शकतो.

स्विच मिळणं अवघड असेल तर फुल स्पीडचा भार रिलेवर टाकणं शहाणपणाचं. आधी स्विच कोणत्या बाजूला आहे ते ओळखा: इग्निशन चालू, पंखा बंद, मोटरचा कपलर जोडलेला. मोटरच्या दोन्ही वायरवर १२ व्होल्ट दिसले तर स्विच अर्थच्या बाजूला आहे. दोन्हींवर शून्य असेल तर तो पॉझिटिव्हच्या बाजूला. पॉझिटिव्ह बाजूच्या स्विचसाठी फुल स्पीडची वायर मोटरकडून सोडवून रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला द्या, ८५ अर्थला, ३० बॅटरीला आणि ८७ मोटरला. बॅटरीच्या वायरमध्ये, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, मूळ फ्यूजइतकाच फ्यूज हवा. अर्थ बाजूच्या स्विचसाठी ८६ ला इग्निशनचं पॉझिटिव्ह, ८५ ला स्विचची सोडवलेली फुल स्पीडची वायर, ३० ला बॉडीचं चांगलं अर्थ आणि ८७ ला मोटरची निगेटिव्ह वायर. रिले ३० अँपिअर किंवा त्याहून मोठा घ्या. मग फुल स्पीडला स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा, म्हणजे अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहून कमी, करंट जातो.

पॅनेल लगेच बंद करू नका. पंधरा मिनिटं पंखा फुल स्पीडला चालवा, मग स्विचच्या मागे कपलरला बोट लावा. कोमट असेल तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल, तर व्होल्टेज पुन्हा मोजा आणि स्क्रू आवळण्याआधी तापणारं टर्मिनल शोधून काढा.