बेस दिल्ली, घर कुडाळ: नव्या वैमानिकांसाठी थोडं अनुभवाचं

विमान कंपनीचं नेमणूकपत्र हातात आलं की पोरं आधी विमान कोणतं ते बघतात, मग पगार. बेसची ओळ सगळ्यात शेवटी वाचली जाते. महिन्यातल्या किती रात्री आपल्या घरात झोपायला मिळणार, ते मात्र त्याच ओळीवर ठरतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून या क्षेत्रात येणारी मुलं-मुली आता वाढताहेत. त्यांचे आई-वडील फोन करून विचारतात, ‘मुंबईच मिळेल ना?’ बहुतेकांना पहिल्यांदा मुंबई मिळत नाही. मी कुडाळचा. दिल्ली बेसवर को-पायलट म्हणून लागलो, सध्या बंगळुरू बेसवर कॅप्टन आहे. या सगळ्या काळात घर कुडाळातच राहिलं. ते कसं निभावतं आणि कुठे अडतं, एवढंच सांगतो.

होम बेस म्हणजे कंपनीने नेमून दिलेलं ठिकाण. ड्युटी तिथून सुरू होते, तिथेच संपते. तुमचं घर कुठे आहे याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. कामासाठी कंपनीने तुम्हाला प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात पाठवलं, ज्याला आम्ही डीएच (डेडहेड) म्हणतो, तर तो वेळ ड्युटीत धरला जातो. तुम्ही कुडाळहून दिल्लीला आलात तर तो वेळ तुमचा. वाटेत काही झालं तर तेही तुम्हीच निस्तरायचं. घरचे विचारतात, ‘कंपनी आणते ना तुला?’ नाही आणत.

आता सुट्टीचं गणित बघा. १ जुलै २०२५ पासून डीजीसीएने, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. त्यात दोन स्थानिक रात्री आल्याच पाहिजेत. आमच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे. पण शुक्रवारी रात्री अकराला दिल्लीत ड्युटी संपली, तर त्या रात्री घरी जायला काहीच नाही. शनिवारी सकाळचं विमान घेऊन उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरायचं, तिथून पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी करत जेवायच्या वेळेपर्यंत कुडाळ. सोमवारी सकाळी लवकरचं रिपोर्टिंग, म्हणजे ड्युटीवर हजर व्हायची वेळ, असेल तर रविवारी संध्याकाळी परत विमानतळावर. कागदावर ४८ तासांहून जास्त, घरात एक रात्र. रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, हातात आल्यावर आधी हे मोजा: कोणत्या सुट्टीत घरी दोन रात्री मिळतात? एकच रात्र मिळत असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका. बेसवर झोपा, कपडे धुवा, अभ्यास करा. घरची ओढ मलाही कळते, पण प्रवासात शिणून कॉकपिटमध्ये बसायचा हक्क आपल्याला नाही.

हे मी उगाच जड करून सांगत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. दोन्ही वैमानिकांचा बेस न्यूअर्क होता. कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं. को-पायलट आदल्या रात्री सिॲटलहून निघून, मालवाहू विमानातून मेम्फिसमार्गे पोचली होती. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याची, सूचना मिळाल्यावर कॅप्टनने उलटी कृती केली, हे तपासात अपघाताचं कारण ठरलं. थकव्याचा परिणाम दोघांवर झाला असावा, पण नेमका किती ते सांगता येत नाही, असंही तपास यंत्रणेने नोंदवलं. ज्यांचा बेस लांब आहे त्यांनी हा अहवाल मुळातून वाचावा. कंपनीचं फटीग रिपोर्टिंग, म्हणजे थकवा कळवायची पद्धत, कशी चालते तेही पहिल्याच महिन्यात समजून घ्यावं. अंगात त्राण नसेल तर तसं कळवायला लाजू नका.

ये-जा करायची तर काही सवयी लावून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, रिपोर्टिंगच्या आदल्या दिवशी बेसला पोचायचं, तेही शेवटच्या विमानाच्या आधीच्या विमानाने. शेवटचं विमान अडचणीसाठी राखून ठेवायचं. स्टाफ तिकीट, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारं तिकीट, जागा उरली तरच चालतं. त्याला सबलोड म्हणतात. दिल्लीहून मोपाला जाणाऱ्या संध्याकाळच्या विमानाच्या काउंटरवर उभं राहिलं की हे नीट कळतं. दुपारी नऊ जागा मोकळ्या दिसत असतात, काउंटर बंद व्हायच्या आधी चारच उरतात. स्टाफच्या यादीत आपल्यापुढे तिघं, त्यातले एक बायको-मुलांसह. मग बॅग खांद्याला लावून पुन्हा खोलीवर. डिसेंबरात आणि मे महिन्यात गोव्याकडे जाणाऱ्या विमानात सबलोडच्या भरवशावर राहू नका, पैसे मोजून तिकीट काढा. वर्षाला या तिकिटांचे पैसे आणि बेसवरच्या खोलीचं भाडं किती होतं, ते धरूनच पगार किती पडतो ते ठरवा.

खोली घेताना आधी एवढंच विचारा, कंपनीची गाडी न्यायला कुठपर्यंत येते? त्या हद्दीत घ्या. चौघा-पाचांत मिळून घेतली तर परवडते, कारण सगळे एकाच वेळी कधीच नसतात. झोपायची खोली अंधारी होईल असे पडदे मात्र पहिल्या दिवशी लावा. स्टँडबायचे, म्हणजे राखीव ड्युटीचे, दिवस इथेच काढायचे असतात. स्टँडबायवर असताना फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर व्हायचं असतं, कुडाळहून ते जमणारच नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळाच विषय. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू धावतात. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड येऊन मार्ग बंद पडला आणि मुंबईकडे निघालेली माणसं जिथल्या तिथे अडकली. कोकणकन्या सकाळी मुंबईला पोचते आणि दुपारी ड्युटी आहे, हा बेत मे महिन्यात चालेल, जुलैत करू नका. विमानाचंही तेच. मोपाचं पठार ढगात गेलं की विमान दुसरीकडे वळतं, आणि वळलेल्या विमानात तुम्ही प्रवासी असता, वैमानिक नाही.

मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणं सुरू झाली आणि दक्षिण सिंधुदुर्गातल्या माणसाचं गणितच बदललं. त्याआधी गोव्याचं जुनं दाबोळी विमानतळ गाठायचं म्हणजे पणजी ओलांडून पुढे. सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. परुळे, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ सगळ्यांना जवळ, पण तिथून विमानं मोजकीच आणि वेळापत्रक बदलत राहतं. ड्युटी गाठायला चिपीच्या एकाच विमानावर विसंबू नका. रत्नागिरी, चिपळूण, खेडच्या मुलांनी मुंबईच धरावी. तिथेही आता नवी मुंबई विमानतळ झालंय, डिसेंबर २०२५ पासून विमानं उडताहेत. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. तुमच्या कंपनीने तिथे बेस दिला, तर माझ्या मते कोकणातल्या माणसाने बाकी कशाचाही विचार न करता अर्ज टाकावा.

आता सीनिऑरिटी, म्हणजे रुजू झाल्याच्या क्रमाने लागणारा नंबर. अमेरिकेत सगळं या एका आकड्यावर चालतं: विमान, बेस, उजवी खुर्ची (को-पायलट) की डावी (कॅप्टन), रोस्टर, रजा. आपल्याकडे कंपनीगणिक फरक आहे, रोस्टर बरंचसं संगणक बनवतो. पण बेस बदली, रजा, कमांडसाठी (कॅप्टनपदासाठी) नंबर आणि कधीकधी स्टाफ तिकिटाचा क्रम, या गोष्टी रुजू झाल्याच्या तारखेकडेच येऊन थांबतात. नव्या मुलांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की सगळ्या कंपनीतला तुमचा नंबर वेगळा आणि तुमच्या बेसवरचा, तुमच्या फ्लीटमधला, म्हणजे तुमच्या प्रकारच्या विमानांवरचा, नंबर वेगळा. रोजच्या जगण्यात दुसराच कामी येतो.

याचं उदाहरण म्हणजे गणपती. पाऊस जरा ओसरला की आईचा फोन येतो, ‘गणपतीक येतलस मां?’ मुंबई बेसवर या रजेसाठी मराठी माणसांची झुंबड असते. त्या दिवसांत किती जणांना सोडायचं याची मर्यादा ठरलेली, सीनिअर आधी. तिथे नवा को-पायलट बारा महिने मुंबईत राहतो आणि चतुर्थीला नेमका रांचीच्या हॉटेलात असतो. दिल्ली बेसवर उलटं. तिथल्या बहुतेकांना दिवाळी हवी असते, चतुर्थीच्या रजेला गर्दीच नाही. मी नवखा असूनही दिल्लीत असताना गणपतीला घरी होतो, माटवी (गणपतीच्या वरची फळा-पानांची सजावट) बांधायला सुद्धा. दिवाळी मात्र आकाशात गेली, ती मी खुशीने दिली. शिमग्याला काही जमलं नाही, होळी दिल्लीतही सगळ्यांनाच हवी असते. तेव्हा ‘मुंबई मिळाली नाही’ म्हणून रडत बसण्याआधी हे बघा की त्या बेसवर तुमच्यापुढे किती जण आहेत आणि त्यांना कोणते दिवस हवे असतात. लोकांना नको असलेल्या बेसवर दोन वर्षांत तुम्ही यादीच्या मध्यावर येता. हव्या असलेल्या बेसवर पाच वर्षं तळाशीच राहता.

कमांडच्या वेळी हा प्रश्न पुन्हा येतो, आणि तेव्हा जास्त टोचतो. उड्डाणाचे १५०० तास झाले, एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) हातात आलं, कंपनीच्या अटी पुऱ्या झाल्या, तुमचा नंबर लागला. पत्र येतं: कमांड आहे, बेस बंगळुरू. को-पायलटांत तुम्ही वर होता, कॅप्टनांच्या यादीत एकदम शेवटचे. रजा शेवटची, बदलीचा अर्जही शेवटचा. काही जण ओळखीचा बेस सुटू नये म्हणून कमांड पुढे ढकलतात. लहान बाळ आहे, घरात आजारी माणूस आहे, तर जरूर थांबा, त्यात कमीपणा काही नाही. पण नुसत्या बेससाठी थांबू नका असं मी सांगेन. तुम्ही थांबता तेवढ्यात मागचे पुढे जातात आणि कॅप्टन म्हणून तुमचा क्रम त्यांच्याखाली लागतो. तो आयुष्यभर तसाच राहतो.

कंपनी बदलताना दहादा विचार करा, कारण नंबर बरोबर नेता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. वर्षानुवर्षं कॅप्टन असलेली माणसं दुसरीकडे नव्या तारखेने रुजू झाली. तास तेच, हात तेच, यादीत मात्र शेवटी. कंपन्या एकत्र आल्या की वेगळीच गुंतागुंत होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण कोणाची सीनिऑरिटी कशी जोडायची हा वाद इतका चिघळला की न्या. धर्माधिकारी समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये तर ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं यावरून वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात मिळाली, तेव्हाही याद्या कशा जोडणार हाच प्रश्न आधी विचारला गेला. स्वतःहून जायचं ठरवलंत तर नोटिशीची मुदत लक्षात घ्या. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष.

घराजवळ राहण्यासाठी छोट्या कंपनीत जावं का, हेही पुष्कळ जण विचारतात. फ्लाय९१ ही छोटी कंपनी मार्च २०२४ पासून मोपाहून एटीआर, म्हणजे पंख्याची छोटी विमानं, उडवते. बेस मोपा आणि घर सावंतवाडी हे आमच्या पिढीच्या स्वप्नातही नव्हतं. एटीआरवर उडणं कमी प्रतीचं आहे असं समजू नका, लहान धावपट्ट्या आणि पाऊस यांनी हात चांगला तयार होतो. पण पुढे जेटवर जायचं असेल तर तिथे तारीख नवी लागेल, हे धरून निर्णय घ्या.

आणि शेवटी, जे रुजू व्हायच्या आधीच तुमच्या हातात असतं ते. एका बॅचमध्ये तीस-चाळीस जण एकाच दिवशी रुजू होतात, मग त्यांच्यातला क्रम कशावर लावतात? कुठे वयावर, कुठे परीक्षेच्या गुणांवर, कुठे प्रशिक्षण आधी कोणाचं संपलं त्यावर. हे एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बदलीचा अर्ज अर्जाच्या तारखेने चालतो की सीनिऑरिटीने, आणि कमांड मिळाल्यावर जुना अर्ज रद्द होतो का, तेही विचारा. क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी), आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना), पोलीस पडताळणी यातलं एक जरी अडकलं तर बॅच चुकते आणि पुढच्या बॅचबरोबर जावं लागतं. गावच्या पत्त्यावरची पडताळणी पावसात रेंगाळते, म्हणून मुलाखतीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन या.