मासळीच्या गाडीचं मीठ कसं उतरवावं

मासळीची गाडी धुताना पाइप आधी टपावर गेला की समजावं, धुणाऱ्याला मिठाशी काही देणंघेणं नाही. मीठ खाली असतं. चेसिसच्या खाचेत, पाट्यांमधल्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पानांमधल्या फटींत, डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली, मागच्या दिव्यांच्या वायरी जिथे जोडलेल्या असतात तिथे. टपावर बसते ती धूळ, आणि नुसत्या धुळीने गाडी सडत नाही. वॉशिंगवाले मात्र वरून पांढराशुभ्र फेस सोडतात, काचा चकचकीत करतात, टायरांना काळं पॉलिश मारतात आणि पावती हातात ठेवतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझी गाडी टाटा ४०७, छोटा ट्रक. घर गोव्यात, पेडण्यात. मालीमच्या जेटीवर माल भरायचा, थोडा म्हापशाला उतरवायचा, उरलेला चोर्ला घाट चढून बेळगावला न्यायचा. या धंद्यात गाडीला मीठ तीन वाटांनी लागतं. जेटीवर समुद्राच्या पाण्याची डबकी असतात, चाकं ते पाणी थेट वर फेकतात. क्रेटमधला बर्फ वितळतो आणि मासळीचं खारट पाणी घेऊन खाली गळतो. तिसरी वाट वाऱ्याची. दुपारी सुटणारा खारा वारा नुसत्या उभ्या गाडीवरही मीठ ठेवून जातो, आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा काही ते परत नेत नाही. केरी-तेरेखोल फेरीबोटीत भरतीच्या वेळी गाडी चढवणाऱ्यांना चौथी वाटही ठाऊक असेल, धक्क्याच्या उतारावर पुढची चाकं सरळ खाऱ्या पाण्यात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. १५ लिटरची बादली धरली तर अर्ध्या किलोच्या वर गेलं.

‘ऊन लागलं की सुकेल’ हा हिशेब इथे चालत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की साधं मीठ आपणहून ओल धरून विरघळायला लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर रात्रीची हवा बहुतेक त्याच्या पुढेच असते. त्यातून समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं. ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसं चेसिसवर बाराही महिने चालू असतं. लोखंड, हवा आणि खारट ओल एकत्र आल्यावर गंजाला आणखी काय हवं?

माझा भाचा कॅनडात, ओंटारिओमध्ये ट्रक चालवतो. तिकडे बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवरच मीठ टाकतात. “मामा, तुमचं मीठ वाऱ्यानं येतं, आमचं सरकार घालतं,” असं तो म्हणतो. मिठाचं पाणी फार तर उणे २१ अंशांपर्यंत न गोठता राहू शकतं, पण उणे नऊ-दहाच्या खाली साध्या मिठाचा रस्त्यावर फारसा उपयोग होत नाही. मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराईडही वापरतात, म्हणजे गाडीला जास्तच वाईट. त्याची पंचाईत वेगळी आहे. गाडी धुतली आणि पाणी टिपलं नाही, तर दाराचं रबर चौकटीला गोठून चिकटतं, कुलपात बर्फ होतो, हँडब्रेक सुटता सुटत नाही. म्हणून पारा शून्याच्या वर जाईल अशी दुपार बघायची किंवा गरम शेड गाठायची, धुऊन झाल्यावर रबरं कोरडी पुसून त्यांना सिलिकॉन लावायचं. कडाक्याच्या थंडीत गंजही मंद होतो म्हणे. मिठाचा रेंदा लागलेला ट्रक उबदार गॅरेजमध्ये नेला, की तो उलट जोर धरतो. आपलं तसलं उबदार गॅरेज म्हणजे अख्खा गोवा.

तेव्हा धुवायचं ते त्याच दिवशी. मात्र घाट उतरून आल्या आल्या नाही. ब्रेकचे ड्रम तापलेले असतात, त्यावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. हात न लावता चाकाजवळ नुसता धरून बघा. धग लागत असेल तर आधी चहा घेऊन या.

पाणी गोडं हवं. हे सांगायची गरज वाटत नाही, पण खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि तेच पाणी बिनदिक्कत मोटर लावून गाडीवर सोडलेलं मी बघतो. चूळ भरून बघा. जिभेला खारट लागलं, तर ते धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. त्यापेक्षा नळाच्या पाण्याच्या चार बादल्या चेसिसवर ओता आणि वरची गाडी तशीच राहू द्या. ओहोळात गाडी घालून धुण्याचा प्रकारही बंद करावा. आपलं डिझेल, ग्रीस आणि मासळीचं पाणी खाली कुणाच्या तरी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत जातं.

पहिली फेरी साध्या पाइपने, प्रेशरगन बाजूला ठेवून. मीठ घासून निघत नाही, विरघळून निघतं. त्याला जोर नको, भरपूर पाणी आणि थोडा वेळ हवा. गनने सुरुवात केली तर खारट पाणी बेअरिंगच्या सिलांत, कनेक्टरांत, बॉडीच्या सांध्यांत आणखी खोल जातं. खालून सगळीकडे पाणी सोडा, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग चिखल सोडवायला गन घ्या. तीही चाकाचा हब, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, अल्टरनेटर आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो चेसिसच्या आतल्या बाजूला. ४०७ च्या चेसिसचे दोन लांब गर्डर आतून उघडे असतात, आणि त्यांच्या खालच्या कडेवर आपली तांबडी माती, खवले आणि बर्फाच्या पाण्याचा गाळ मिळून एक थर जमतो. वरून तो कोरडा खडखडीत दिसतो. एखादी टोकदार काडी आत घालून ढपला उचकटा. खालची बाजू काळपट, ओली, मासळीच्या वासाची. तो निघाला की रंगावर मुगाएवढे फुगे दिसतात. नखाने दाबला की पापुद्रा सुटतो आणि आतून नारिंगी पूड गळते. गाडी उन्हात दिवसभर उभी होती तरीही हा थर ओलाच असतो, कारण मीठ ओल सोडत नाही आणि माती मीठ सोडत नाही. पावसाळ्यात ‘आपोआप धुतली जाते’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. पाऊस टप धुतो, आणि चाकं त्याच पावसातला चिखल या कडेवर नेऊन भरतात. थर काढायला बांबूची कामटी बरी. लोखंडी पट्टीने माती निघते, पण शिल्लक राहिलेला रंगही जातो.

पाट्यांसाठी चेसिस जॅकवर थोडी उचलली तर पानांवरचा भार कमी होतो, फटी उघडतात आणि पाणी आत जातं. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली मात्र जायचं नाही. स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावा, उरलेल्या चाकांना दगड लावा. खाली गेलातच आहात तर ब्रेकचे पाइप बोटाने चाचपून घ्या. पकडपट्टीखाली ते आधी सडतात. तिथे खरखरीत फोड लागला तर रंग मारून झाकू नका, पाइप बदला. गाडी घाटात नेणाऱ्याला याचं कारण सांगायला नको.

मग गाडीवरची मासळीची पेटी. २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याचं प्रकरण झालं, त्यानंतर बाहेरून गोव्यात येणाऱ्या मासळीसाठी इन्सुलेटेड गाड्यांची सक्ती आली आणि तशा पेट्या सगळीकडे दिसू लागल्या. मासळीला चांगलं, रस्त्यालाही चांगलं. पण पेटीच्या तळाला क्रेट ओढून चीर पडली की खारट पाणी आतल्या फोममध्ये मुरतं आणि तिथून आठवडेच्या आठवडे खालच्या फ्रेमवर झिरपत राहतं. वरून कितीही धुवा. म्हणून आधी पेटी रिकामी करून तळ पुसा, चिरा शोधा, त्या सुकल्यावर सील करा. पाणी बाहेर जायच्या भोकात खवले अडकतात, ते तारेने मोकळं करा. त्या भोकाचं पाणी थेट चेसिसवर पडत असेल तर एक फूटभर रबरी पाइप लावून ते पाणी वेगळ्या टाकीत घ्या. एवढ्याने निम्मा त्रास वाचतो.

वास जावा म्हणून पेटीत ब्लिचिंग पावडर टाकतात. टाकायचीच तर पातळ करून, आणि लगेच भरपूर पाण्याने काढून, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड दोन्हीला ती खाते. तिच्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पेटीत वाकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कपड्यांची पावडरही नको. तिच्यात सोडा आणि इतर क्षार असतात, त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा तळ काळा पडतो. गाडीचा साधा शांपू पुरतो. चाकांवरची मळी काढायला काथ्याचा घट्ट बोळा कुठल्याही ब्रशपेक्षा चांगला, असं माझं मत आहे. क्लीनरचं वेगळं आहे.

शेवटची फेरी वरून खाली, फक्त गोड्या पाण्याची. चेसिसच्या टोकांतून गळणारं पाणी नितळ होईपर्यंत पाइप चालू. नंतर गाडी चढावर, तोंड वर करून लावा म्हणजे खाचांतलं पाणी मागे उतरतं. दारांच्या खालची भोकं मोकळी आहेत का बघा. थोडं कोरडं झालं की गाव फिरून या, वाटेत पाच-सहा वेळा ब्रेक दाबा. ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवली तर सकाळी ब्रेकशू ड्रमला चिकटलेला मिळतो. सपाट जागेवर नेऊन गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. पंक्चरवाल्याकडे थांबणार असाल तर मागच्या दिव्यांच्या कनेक्टरांवर हवा मारून घ्या. आणि ग्रीस धुण्याच्या आधी नाही, नंतर. ग्रीस भरायच्या निपलला पंप लावून, पाण्याने पांढरट झालेलं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कोरड्या उन्हात, एकदा खाली वाकून बघा. काळ्या चेसिसवर पांढुरकी झाक दिसली तर मीठ राहिलंय. तेवढाच भाग परत भिजवायचा.

जुनं इंजिन ऑइल खाली फवारणाऱ्यांशी माझं पटत नाही. ते रबराचे बुश फुगवतं, त्याच्यावर धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात ते रस्त्यावर उतरून मागच्या स्कूटरवाल्याला पाडतं. डांबरी काळा कोट त्याहून फसवा. कोऱ्या, स्वच्छ लोखंडावर मारला तर ठीक. गंज आणि मीठ आत ठेवून मारला तर वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन वर्षांनी कोट जसाच्या तसा असतो आणि आत पत्रा नसतो. मेणाचा पातळ थर देणारे स्प्रे मिळतात, ते वारंवार मारावे लागतात, पण खाली काय चाललंय ते दिसत राहतं.

रंगाचं काम बहुतेक जण मासेमारी बंदीत काढतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद, गाडी मोकळी. पण त्या हवेत रंग सुकत नाही आणि घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं. बंदीत माती काढा, पाटे सोडवा, पेटी दुरुस्त करा. रंगाला ऑक्टोबरचं कोरडं ऊन बघा, धंद्याचे दोन दिवस गेले तरी. त्यातही जेवढा भाग सकाळी तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन सुकवाल, तेवढ्यालाच त्याच दुपारी रेड ऑक्साईडचा अस्तर रंग लागला पाहिजे. उरलेला उद्या घासा.