ड्रोनवर टेहळणीचा कॅमेरा बसवताय? या चुका टाळा

सोलापुरातली अभियांत्रिकीची पोरं आता संरक्षण क्षेत्रातल्या स्पर्धांसाठी ड्रोनवरचे सेन्सर बनवायला लागली आहेत, आणि मला याचं फार अप्रूप आहे. अशा गटांबरोबर मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या माळांवर बरेच दिवस काढलेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खर्चिक चुका उड्डाणात उघड होतात, पण त्या झालेल्या असतात टेबलावर.

"दिसतंय" म्हणजे नेमकं काय, हे न ठरवणं

कागदावर लिहिलेलं असतं, "१०० मीटरवरून माणूस दिसला पाहिजे." दिसला म्हणजे काय? अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये याचे टप्पे मांडले. काहीतरी आहे एवढं कळायला वस्तूच्या रुंदीत साधारण २ पिक्सेल लागतात. माणूस की जनावर हे कळायला ८ आणि मेंढपाळ की सैनिक हे ओळखायला १३ च्या आसपास. टेहळणीत सगळं महत्त्व याच फरकाला आहे, कारण मेंढपाळाला सैनिक समजणं ही साधी चूक नव्हे.

आता हिशेब करा. १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिक्सेलचा थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, आणि १३ मिलिमीटरची लेन्स घेतली, तर १०० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर सव्वानऊ सेंटिमीटर व्यापतो. माणसाचे खांदे अर्ध्या मीटरचे धरले तर ते साडेपाच पिक्सेलमध्ये संपतात. "काहीतरी आहे" एवढंच कळलं. २५ मिलिमीटरची लेन्स लावली की दहा पिक्सेल मिळतात, पण ६४० पिक्सेल रुंदीच्या सेन्सरचं दृष्टिक्षेत्र ३३ अंशांवरून साडेसतरावर येतं आणि तेवढ्याच रानावर दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात. हा सौदा कॅमेरा मागवण्याआधी करायचा असतो.

थर्मल कॅमेऱ्याला साधा कॅमेरा समजणं

धूळ जाऊ नये म्हणून एका गटाने थर्मल कॅमेऱ्यापुढे छान काच बसवली होती. पडद्यावर सगळं सपाट करडं. दोन दिवस ते सॉफ्टवेअर तपासत बसले. थर्मल कॅमेरा टिपतो त्या ८ ते १४ मायक्रॉनच्या उष्णता-किरणांना साधी काच आणि ॲक्रिलिक आरपार जाऊच देत नाहीत, कॅमेरा त्या काचेचंच तापमान बघत होता. तिथे जर्मेनियम या धातूसारख्या मूलद्रव्याची खिडकी लागते, ती हे किरण आत सोडते. तात्पुरत्या चाचणीला पॉलिथिनचा अगदी पातळ कागदही चालतो.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक गट सवडीनुसार संध्याकाळी चाचणी घेतात. एप्रिलच्या दुपारी आपली काळी माती अंगापेक्षा कितीतरी जास्त तापते, म्हणून माणूस गार, काळा दिसतो. रात्री माती निवते आणि तोच माणूस उजळ दिसतो. मधे एक वेळ अशी येते की दोघांचं तापमान जुळतं आणि माणूस चित्रातून पुसला जातो. सकाळीही हेच होतं. ओळखणारं सॉफ्टवेअर फक्त रात्रीच्या चित्रांवर शिकवलं असेल, तर दुपारी ते कडब्याच्या तापलेल्या गंज्या पकडत बसेल. म्हणून एकाच जागी, एकाच माणसाला उभं करून चोवीस तासांत दर दोन तासांनी चित्रं घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. त्याच माणसाला एकदा सोलापुरी चादर पांघरायला लावा. कॅमेरा चादरीच्या आतलं पाहत नाही, चादरीच्या पृष्ठभागाचं तापमान पाहतो, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसतं.

चित्रावर डाग किंवा उभे पट्टे येत असतील तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. कॅमेरा चालू करून दहा-पंधरा मिनिटं स्थिरावू द्या, मग त्याचं शटर-कॅलिब्रेशन करा, म्हणजे शटर क्षणभर मिटवून सगळे पिक्सेल एकसारखे जुळवून घ्या. जर्मेनियमच्या लेन्सचा फोकस तापमानाने सरकतो. एसी खोलीत साधलेला फोकस ४२ अंशांत तसाच राहील असं धरू नका.

लक्ष्य दिसतं, पण नकाशावर भलतीकडे पडतं

कॅमेरा सरळ खाली असताना कोनात १ अंश चूक झाली तर १०० मीटर उंचीवरून पावणेदोन मीटरचा फरक पडतो. कॅमेरा ४५ अंश वर उचलला की तीच चूक साडेतीन मीटर होते, ६० अंशांवर सात मीटर.

दोष शोधायला जमिनीवर चुन्याची एक फुली काढा आणि तिच्यावरून चारही दिशांनी, दोन वेगवेगळ्या वेगांनी उडा. चूक ड्रोनच्या तोंडाबरोबर फिरत असेल आणि वेग बदलूनही तेवढीच राहत असेल, तर कॅमेरा तिरका बसलाय. वेगाबरोबर वाढत असेल तर वेळेची नोंद चुकतेय. जीपीएसची वेळ यूटीसीपेक्षा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपेक्षा, १८ सेकंद पुढे आहे, हे विसरलेला एक गट मी पाहिलाय. ड्रोनचं तोंड कुठेही असलं तरी चूक नकाशावर कायम एकाच दिशेला असेल तर नकाशा किंवा जीपीएस तपासा. उंचीही बघा. जीपीएस मुळात देतो ती पृथ्वीचा गणिती आकार म्हणून धरलेल्या लंबगोलावरची उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात या दोन्हींत ५० मीटरहून जास्त अंतर आहे.

चित्र फाटतं, थरथरतं

ड्रोनचा सेकंदाला १५ मीटर वेग आणि १/५०० सेकंदाचं शटर म्हणजे तेवढ्या वेळात ३ सेंटिमीटर सरकणं. जमिनीवर पिक्सेल त्याहून बारीक असेल तर चित्र पुसट होणारच. चित्र जेलीसारखं हलत असेल तर आधी पंख्यांचा तोल बघा, मग रबरी डॅम्पर. उन्हात ते मऊ पडतात.

उन्हाचा आणखी एक हिशेब राहून जातो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे. ४३ अंशांत इथली हवा समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ असते. जानेवारीत आरामात उचललेला पेलोड, म्हणजे ड्रोनवर लादलेलं सामान, मे महिन्यात मोटारींना जड जातो.

रेकॉर्डिंग सुरू केलं की जीपीएस जातो

यूएसबी ३ च्या तारा रेडिओ-गोंगाट करतात आणि जीपीएसचा सिग्नल अतिशय क्षीण असतो. आधी ती तार काढून यूएसबी २ लावून बघा. उपग्रहांची संख्या परत वाढली, तर चोर सापडला. मग जाळीची चांगली तार वापरा, कॉम्प्युटरच्या डबीला तांब्याची पट्टी गुंडाळा आणि अँटेना दांड्यावर उंच बसवा.

उडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा नकाशा पाहायचाच. होटगी रोडचा विमानतळ शहराला लागून आहे. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे ड्रोन नेऊच नका, तिथलं मोकळं माळरान चाचणीला कितीही सोयीचं वाटलं तरी.