ॲम्बेसेडरचं हेड उतरवताना या चुका टाळा

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना जुनी ॲम्बेसेडर तापते, हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधलं सील) उडतं, नवं बसवलं जातं. पुढच्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा निघतं, कारण गॅसकेट का उडालं हे कुणी पाहिलेलंच नसतं. १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात आपल्याकडे पहिला संशय घ्यावा तो रेडिएटरमध्ये ओतलेल्या बोअरच्या पाण्यावर. त्यातला क्षार ब्लॉकच्या आत थरावर थर धरतो, आणि गाळ साचतो मागच्या चौथ्या सिलेंडरभोवती.

म्हणून हेड उतरलेलं असतानाच ब्लॉकचा पाणी सोडायचा नळ पूर्ण काढा. पाणी आलं नाही तर भोक तारेने मोकळं करा आणि वरून पाण्याचा जोर देऊन गाळ बाहेर काढा. नुसता रेडिएटर धुऊन भागत नाही. नंतर निम्मं कूलंट आणि निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी भरा. तापते म्हणून थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू नका. पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह गरम करून तो त्यावर छापलेल्या तापमानाला उघडतो का ते बघा.

सर्वात महाग पडणारी चूक रॉकरची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची, आहे. या हेडला ११ नट असतात आणि त्यातले चार रॉकरचे ब्रॅकेटही धरून ठेवतात. फक्त रॉकर शाफ्ट काढायचा म्हणून तेवढेच चार ढिले केले, तर बाकीच्या नटांच्या ओढीने हेड वाकू शकतं आणि पाणी सिलेंडरमध्ये, तिथून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. आधी पाणी काढा, मग सगळे ११ नट थोडे थोडे, क्रमाने ढिले करा. काम रॉकरचंच असलं तरी हेच.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरा. खालून ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सरकली तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्या. जाड गॅसकेट किंवा सीलंटने वाकलेलं हेड बसत नाही. गॅसकेटवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, ती वाचा. स्टडचे आटे साफ करून नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा. अंदाजाने आवळणारा हात कितीही सरावाचा असो, ११ नटांवर सारखा जोर देत नाही.

सुमारे ५०० किमीनंतर थंड इंजिनावर नट पुन्हा तपासा. नट आवळले की टॅपेटचं अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बदलतं, म्हणून तेही लगेच लावा: ०.०१५ इंच. पुढून मोजत आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा. बेरीज नेहमी नऊ.

हे सगळं नीट करूनही भर दुपारी गाडी थांबवल्यावर पुन्हा सुरू होत नसेल, तर लगेच ठिणगी देणारे कॉइल आणि पॉइंट बदलू नका. प्लगला करंट येत असेल आणि अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू होत असेल, तर पेट्रोलची वाफ लाइनमध्ये अडकते आहे. इंजिनाच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवा. लाइन एक्झॉस्टपासून दूर घ्या. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) इथेनॉल सोसणारे बसवा, कारण आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं.