उधारीवर माल देण्याआधी : दिवाळखोरीचा अंदाज सांगणारी मॉडेल्स ताडून कशी पाहावीत

पीथमपूरच्या कारखान्यांना इंदूरहून खोकी, रसायने किंवा सुटे भाग नव्वद दिवसांच्या उधारीवर पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला आपली ग्राहक कंपनी बुडणार तर नाही ना, हा प्रश्न दर तिमाहीला पडतो. त्याचे उत्तर देणारी सूत्रे सहज मिळतात. त्यांतले कोणते आपल्या कामाचे हे ठरवणे मात्र कष्टाचे आहे.

आधी ‘बुडाली’ कशाला म्हणायचे ते लिहून ठेवावे. इंदूरच्या हुकुमचंद मिलचे दरवाजे १९९१ मध्ये बंद झाले, पण कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न २०२३ च्या अखेरीस मार्गी लागला. या दोन वर्षांमधली कोणती तारीख धरली यावर मॉडेल बरोबर की चूक ते ठरते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतल्याची तारीख नेमकी असते, पण अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटीवर गेली, त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची वर्षे एका मापाने मोजता येत नाहीत. पुरवठादाराने देयक १८० दिवसांहून अधिक थकणे अशी आपली व्याख्या केली तरी चालेल, फक्त सर्व मॉडेल्सना तीच लावावी.

मग सूत्रे निवडावीत. एडवर्ड ऑल्टमन यांचा १९६८ चा झेड-स्कोअर, म्हणजे कंपनीच्या हिशेबातली काही गुणोत्तरे ठरावीक भाराने मिळवून काढलेला एक आकडा, शेअरचा बाजारभाव मागतो; पीथमपुरातल्या बहुतेक खाजगी कंपन्यांना तो नसतोच. त्यांच्यासाठी ऑल्टमन यांनीच पुढे दोन सुधारित रूपे दिली : एकात विक्रीचे गुणोत्तर आहे, दुसऱ्यात ते वगळले आहे. तिसरे म्हणून झ्मिजेव्स्की यांचे १९८४ चे मॉडेल घ्यावे, ज्यात जवळपास सगळा भार कर्जावर आहे. मर्टन यांची पद्धतही बुडण्याची शक्यता शेअरच्या भावांवरून काढते, म्हणून ती येथे बाजूला ठेवू.

आता एकाच काल्पनिक कंपनीवर तिन्ही चालवून पाहू. एकूण मालमत्ता ४० कोटी, खेळते भांडवल ४, साठलेला नफा ६, व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा नफा २, निव्वळ नफा १५ लाख, भागधारकांचा निधी १० कोटी, एकूण देणी ३० कोटी आणि विक्री ५० कोटी. विक्री धरणाऱ्या रूपात गुण येतात १.७४, १.२३ च्या खाली धोका आणि २.९ च्या वर निर्धास्त, म्हणजे कंपनी मधल्या पट्ट्यात. विक्री वगळलेल्या रूपात १.८३, तिथेही मधला पट्टा (१.१ ते २.६). झ्मिजेव्स्कींचा आकडा शून्याच्या किंचित खाली, साधारण उणे ०.०९, शून्याच्या वर गेला की धोका. येथवर तिघांचे एकमत आहे.

पण येणी पाहिली तर त्यांतले ३ कोटी वर्षाहून जुने आहेत. सराफ्यातल्या कोणत्याही जुन्या मुनिमाने हे सर्वांत आधी विचारले असते. ती रक्कम मागील वर्षांची बुडीत धरून मालमत्ता, खेळते भांडवल, साठलेला नफा आणि भागधारकांचा निधी यांतून वजा केली की विक्री वगळलेले रूप १.०५ वर, म्हणजे धोक्याच्या हद्दीत उतरते आणि झ्मिजेव्स्कींचा आकडा अधिक ०.२५ होतो. विक्री धरणारे रूप मात्र १.७० वरच थबकते, कारण मालमत्ता आटली की विक्रीचे मालमत्तेशी गुणोत्तर उलट वाढते आणि बाकीची घसरण झाकून टाकते. व्यापारी किंवा कमी यंत्रसामग्रीच्या कंपन्यांसाठी हे रूप वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन मॉडेल्स कुठे सहमत आहेत यापेक्षा कोणत्या दुरुस्तीने ती फुटतात, हे पाहण्यात अधिक शिकायला मिळते.

त्यानंतर जुन्या ग्राहकांवर चाचणी घ्यावी. येथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, मार्चअखेरचा ताळेबंद एप्रिलमध्येच हाती होता असे मानणे. वार्षिक सभेला सहा महिन्यांपर्यंत मुदत असते, म्हणून निर्णयाच्या दिवशी खरोखर उपलब्ध असलेलेच कागद वापरावेत. दुसरी, मूळ शोधनिबंधातली अचूकता जशीच्या तशी उचलणे. ऑल्टमन यांच्या नमुन्यात ३३ बुडालेल्या आणि ३३ तरलेल्या अमेरिकी कारखानदार कंपन्या होत्या. वर्षभर आधी ९५ टक्के अचूक ठरलेले सूत्र दोन वर्षे आधी ७२ टक्क्यांवर आले. ओल्सन यांनी १९८० मध्ये १०५ बुडालेल्या कंपन्यांसमोर २०५८ तरलेल्या ठेवल्या, ते प्रमाण वास्तवाच्या बरेच जवळ आहे.

एकूण टक्केवारीवर तर मुळीच विसंबू नये. हजारांत तीस कंपन्या बुडत असतील तर ‘कोणीच बुडणार नाही’ म्हणणाराही ९७ टक्के बरोबर ठरतो. त्याऐवजी चुकांची किंमत मांडावी. दहा लाखांच्या मालावर आठ टक्के नफा असेल, तर बुडणारी कंपनी ओळखू न आल्यास ९ लाख २० हजार जातात, चांगल्या कंपनीला नकार दिल्यास ८० हजारांचा नफा हुकतो. म्हणजे पहिली चूक दुसरीच्या साडेअकरापट महाग. प्रत्येक मॉडेलच्या दोन्ही चुका मोजून त्यांना या रकमांनी गुणावे आणि धोक्याची रेषा वरखाली सरकवून बेरीज पुन्हा करावी, कारण पुस्तकातली रेषा आपल्या नफ्याच्या प्रमाणाशी जुळेलच असे नाही. मात्र रेषा जुन्या वर्षांवर ठरवून तपासणी नंतरच्या वर्षांवर करावी.

ज्याची बेरीज सर्वांत कमी येईल ते मॉडेल ठेवावे. पण दोघांतला फरक एखाद-दुसऱ्या कंपनीमुळेच पडत असेल, तर तो नाहीच असे धरून ज्याचे आकडे ताळेबंदातून सरळ उचलता येतात ते सूत्र घ्यावे.