खून खटल्यात जोडीदाराची साक्ष: या चुका टाळा

खुनाच्या खटल्यात साक्षीचं समन्स येतं, तोवर बहुतेक घरांत वर्षश्राद्धही उरकलेलं असतं. मुलांची शाळा, भाडं, बँकेची कागदपत्रं यांत घर कसंबसं मार्गी लागलेलं असतं आणि एक दिवस पोलीस स्टेशनचा हवालदार समन्स घेऊन दारात उभा राहतो. तेव्हापासून गेलेल्या माणसाच्या बायकोला किंवा नवऱ्याला एकच गोष्ट पोखरत राहते: आरोपी सुटला तर तो माझ्यामुळे सुटेल.

साक्षीतल्या बहुतेक चुका या ओझ्यापायी होतात. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो आणि गुन्हा शाबित करायची जबाबदारी सरकार पक्षाची असते. त्यासाठी डॉक्टर, पंच, तपास अधिकारी, मोबाईल कंपनीचा माणूस, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल असं बरंच काही कोर्टापुढे येतं. तुमच्या वाट्याला फक्त तुम्ही स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं आणि केलेलं येतं. त्यापलीकडचं काही तुमच्याकडून कोणी मागत नाही, आणि ते देऊ गेलात तर खटल्याला धक्का लागतो.

जबाब न वाचता पिंजऱ्यात उभं राहणं

पोलिसांनी तुमचा जबाब कधी घेतला ते आठवून पाहा. कदाचित पोस्टमार्टमच्या दिवशी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. डोकं सुन्न होतं, कोणी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं यातलं निम्मं आता आठवतही नसेल. लिहिणाऱ्यानं ते पोलिसी भाषेत उतरवलं. फिर्याद तुम्ही दिली असेल तर तिच्यावर तुमची सही असते. तपासात घेतलेल्या जबाबावर मात्र साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे त्यात नेमकं काय लिहिलं गेलं हे पुष्कळांना उलटतपासात पहिल्यांदा कळतं. तोवर उशीर झालेला असतो.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा आणि जबाब वाचायला मागा. तुमच्या बाजूनं वकील दिला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 230 प्रमाणे दोषारोपपत्राची प्रत त्या वकिलामार्फत मोफत मिळते. मयताचा कायदेशीर वारस म्हणून तुम्ही कायद्याच्या भाषेत 'पीडित' आहात, हे लक्षात ठेवा. पाठांतर अजिबात करू नका, घोकलेली साक्ष दोन प्रश्नांत उघडी पडते. जबाबात काही चुकीचं लिहिलेलं दिसलं, तर ते तिथेच सरकारी वकिलांच्या कानावर घाला.

उलटतपासात हमखास विचारतात, "आज साक्षीला येण्याआधी जबाब वाचलात का?" वाचला असेल तर "हो" म्हणा. काहीतरी गैर केलं या भीतीनं लोक "नाही" म्हणतात, आणि कोणाला न दुखवणारं खरं सोडून शपथेवर खोटं बोलून बसतात.

जबाबात नसलेलं कोर्टात पहिल्यांदा सांगणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. समजा जबाबात एवढंच आहे की आरोपीशी पैशांवरून वाद होता. कोर्टात आरोपी समोर दिसतो, गळा दाटून येतो आणि तोंडून निघतं, "यानं आमच्या दारात येऊन जिवे मारायची धमकी दिली होती." मग आरोपीचे वकील शांतपणे विचारतात: हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? मग जबाबात का नाही? महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते, असं कायद्यातच स्पष्ट केलेलं आहे. अशी दोन-तीन वाक्यं निघाली, की तुमच्या खऱ्या साक्षीवरही संशयाची सावली पडते.

खरोखरच सांगितलं असेल तर तसंच म्हणा: "मी सांगितलं होतं. जबाबात का लिहिलेलं नाही, याचं कारण मला सांगता येणार नाही." महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांच्या साक्षींत हे वाक्य जागोजागी सापडेल, कारण ते खरं आहे. जबाब तुम्ही लिहिलेला नाही. सांगायचं राहून गेलं असेल तर "तेव्हा सुचलं नाही" म्हणा. आणि जबाबानंतर एखादी गोष्ट आठवली, जुना मेसेज सापडला, तर तो कोर्टासाठी राखून ठेवू नका. लगेच तपास अधिकाऱ्याला गाठून पुरवणी जबाब द्या. दोषारोपपत्र दाखल झाल्यावरही पुढचा तपास करता येतो.

याचा अर्थ बारीकसारीक फरकांनी घाबरून जायचं असा नाही. आठ वाजले होते की सव्वाआठ, शर्ट निळा होता की राखाडी, यानं खटला कोसळत नाही. भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे पुन्हा लावून पाहायची व्हिडीओ टेप नव्हे. म्हणून वेळ, अंतर, तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका. "नक्की आठवत नाही" हे पूर्ण उत्तर आहे.

शेवटचं बोलणं फालतू समजून गाळणं

आणखी एक चूक बरोबर उलटी आहे. घरातून निघताना नवरा काय म्हणाला, बायकोनं फोनवर काय सांगितलं, हे "आमचं घरातलं बोलणं" म्हणून लोक सांगतच नाहीत. ऐकीव माहिती चालत नाही हे कुठेतरी कानावर पडलेलं असतं. शेजारीण म्हणाली, दीर म्हणाला, हे खरंच चालत नाही. ते त्या शेजारणीनं, त्या दिरानं येऊन सांगायचं. पण मरण पावलेली व्यक्ती येऊ शकत नाही. म्हणून तिच्या मृत्यूला कारण झालेल्या घटनाक्रमाबद्दल ती जे बोलली, ते कायद्यानं ग्राह्य आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 32 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 26 आहे.

हा मुद्दा पक्का झाला तो एका विधवेच्या साक्षीवरच. मार्च 1937 मध्ये पुरी स्टेशनवर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एका लोखंडी ट्रंकेत मृतदेहाचे तुकडे सापडले. मयत पिठापूर संस्थानात शिपाई होता. घर सोडण्याआधी त्यानं बायकोला एक पत्र दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, की आरोपीच्या बायकोनं येणं असलेले पैसे परत न्यायला बोलावलंय, म्हणून मी बेऱ्हामपूरला चाललोय. पकाला नारायण स्वामी खटला म्हणून हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. 1939 मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी त्या विधवेनं सांगितलेलं बोलणं ग्राह्य धरलं. त्या बोलण्यात खुनाचा उल्लेखही नव्हता. कुठे चाललोय, कोणाकडे, कशासाठी, इतकंच होतं. वकील मंडळी आजही हा निकाल काढून दाखवतात.

तेव्हा शेवटचं बोलणं जसंच्या तसं आठवा, शक्यतो त्याच शब्दांत. "ह्यांना त्याची भीती वाटायची" असा निष्कर्ष सांगू नका. काय म्हणाले, कधी म्हणाले, तेव्हा घरात कोण होतं, ते सांगा. अर्थ काढायला न्यायाधीश आहेत.

मुद्देमालाची तयारी न ठेवणं

याबद्दल आधी कोणी बोलत नाही आणि माणूस नेमका इथेच कोसळतो. खाकी पाकिटाचं सील फोडलं जातं, आतून शर्ट निघतो, वाळलेल्या डागांसकट, आणि प्रश्न येतो, "हा कोणाचा?" मंगळसूत्र, घड्याळ, चप्पल, मोबाईलचं कव्हर, काहीही असू शकतं. साक्षीआधी सरकारी वकिलांना सरळ विचारा, "मला काय काय दाखवणार आहात?" आरोपी कुठे बसलेला असेल, तो ओळखायला सांगणार का, हेही विचारून घ्या.

आणि "ह्यांचाच आहे" एवढ्यावर थांबू नका. तसे शर्ट बाजारात शेकड्यांनी मिळतात. कॉलरखालचं दुसरं बटण मी काळ्या दोऱ्यानं लावलं होतं, घड्याळाचा पट्टा सोनारानं नव्हे तर मोच्यानं शिवला होता, अशी खूण असेल तर ती सांगा. पाकीट उघडण्याआधी आठवत असेल तर उत्तम. खूण आठवत नसेल तर ओढूनताणून शोधू नका. रडू आलं तर येऊ द्या, पाणी मागा, खुर्ची मागा, पाच मिनिटं थांबायची विनंती करा. त्यासाठी न्यायाधीशांची माफी मागायची गरज नाही.

उलटतपासात भांडायला उठणं

त्यांचं बाहेर प्रकरण होतं ना? दारू प्यायचे ना? विम्याचे पैसे तुम्हालाच मिळाले ना? हे प्रश्न येतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्या तोंडावर येतात. राग येणारच. पण आरोपीच्या वकिलाला तुमचा तो रागच हवा असतो. निव्वळ अपमान करणारे किंवा अश्लील प्रश्न थांबवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. हरकत सरकारी वकील घेतील. तुम्ही घाई करू नका, प्रश्न संपू द्या, आणि न्यायाधीशांकडे बघून उत्तर द्या. सरकारी वकिलांकडे बघू नका, तेही टिपलं जातं. नवरा खरंच प्यायचा असेल तर "हो, प्यायचे" म्हणा. त्यामुळे त्यांचा खून माफ होत नाही. लपवलंत आणि शेजाऱ्याच्या साक्षीत निघालं, तर तुमचं बाकीचं बोलणंही हलकं होतं.

शेवटी सूचनांची, म्हणजे आरोपीची बाजू तुमच्यापुढे मांडून कबूल करायला लावणाऱ्या विधानांची रांग लागते: "तुम्ही नातेवाईक असल्यामुळे खोटं सांगताय." याला वाद नको, "हे म्हणणं खरं नाही" एवढं पुरे. नातेवाईक म्हणून साक्ष फेकून देता येत नाही. दलीप सिंग खटल्यात 1953 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध माणसाला अडकवेल ही शक्यता सगळ्यात कमी. मात्र घरात वैर असेल, भावना भडकलेल्या असतील, तर निरपराधालाही गोवलं जातं, हेही त्याच निकालात आहे. म्हणून संशयावरून आरोपीच्या भावाचं, मेहुण्याचं नाव जोडू नका.

तारखेच्या दिवशी आणि पुढे

तुमची साक्ष व्हायची असेल तोवर कोर्टरूममध्ये बसून इतरांची साक्ष ऐकू नका, बाहेर थांबा. उलटतपास अर्धवट राहून दुसऱ्या दिवशी गेला, तर रात्री कोणाशीही साक्षीची चर्चा नको, वकील मैत्रिणीशीही नाही. आजारी असाल तर गैरहजर राहू नका, आधी कळवा, नाहीतर वॉरंट निघू शकतं. परगावी किंवा परदेशी असाल तर व्हिडीओ कॉन्फरन्सिंगची विनंती करता येते. महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल्ल देसाई या 2003 च्या निकालापासून हा मार्ग खुला आहे.

साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवतात किंवा वाचायला देतात. थकून डोळे मिटून सही करू नका. तुम्ही "दिराचा मित्र" म्हणालात आणि "दीर" टाईप झालं असेल, तर तिथल्या तिथे सांगा.

गावातली वडीलधारी मंडळी "मिटवून टाका" म्हणत येतील. खुनाचा गुन्हा आपसात मिटत नाही. पैसे घेऊन साक्ष फिरवली तर फितूर साक्षीदार म्हणून तुमचाच उलटतपास सरकारी वकील घेतील, आणि शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे. धमकी आली तर नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. साक्षीदाराला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 प्रमाणे गुन्हा आहे. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्जही करता येतो. जिल्हा पातळीवरच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. हे काम सरकारी वकिलांमार्फत करा, तोंडी सांगून सोडून देऊ नका.

नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे निकालाची वाट न पाहताही देता येतो. आणि आरोपी निर्दोष सुटला, तर सरकार अपील करतंय का याची वाट बघत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 प्रमाणे पीडित म्हणून तुम्हाला स्वतःला अपील करता येतं. निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.